डोमाजींची कोरफड

सौसरला आमच्या आळीत दारावर कोरफड टांगलेली नाही असं एकच घर होतं, आणि सगळ्यात जास्त कोरफड त्याच घरी होती. बाकीच्यांकडे ती चौकटीला उलटी बांधलेली असायची, मुळं वर आणि पानं खाली. माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. घराला कोणाची नजर लागली तर ती आपल्या अंगावर घेते, असं आमच्याकडे मानतात. डोमाजींकडे मात्र ती अंगणात जमिनीत होती, वाफे करून, ओळीनं लावलेली. प्रत्येक ओळीच्या टोकाला डब्याच्या पत्र्याचा तुकडा खोचलेला आणि त्यावर खिळ्यानं कोरलेला आकडा.

डोमाजी आमच्या गावच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, गळू फोडताना बोळा धरायचा, हे त्यांचं काम. गेल्या महिन्यात ते वारले. वडिलांनी कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं होतं, त्यात शेवटी एक ओळ होती: ‘डोमाजी गेले, ताप होता.’ त्याच आठवड्यात कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी एखाद्या व्यक्तीवर लिहा म्हणून आम्हाला सांगण्यात आलं. माझ्या वर्गातल्या मुली आजोबांवर, थोर शिक्षकांवर लिहीत आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी लिहिणारं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधतात, आई अंगठा उठवते. त्यामुळे माणसावर कसं लिहायचं असतं ते मला नीट ठाऊक नाही. आठवेल तसं लिहिते.

डोमाजींचे हात नेहमी धुतलेले असत. दवाखान्यातून आल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, कोणाचं पोर उचलण्याआधी ते हात धूत. धुतलेले हात पुसत नसत. कोपरं वर धरून हवेत वाळवत. रस्त्यानं जाताना कोणी रामराम केला तर तेच हात तसेच हलवत. आळीतली पोरं त्यांची नक्कल करायची आणि ओरडायची, “डोमाजी उडून राहिले! डोमाजी उडून राहिले!” ते रागावत नसत. एखाद्या पोराच्या गुडघ्याकडे बघून म्हणत, “खपली काढू नोको रे, खालचं कच्चं आहे.”

माणसं ते जखमांवरून ओळखत. माझ्या वडिलांना भेटले की, “डोक्शाची खोक कशी आहे, महादेवराव?” ती खोक केव्हाच भरून गेली होती. बाजारात एखाद्या संत्रावाल्याला लांबूनच हाक मारत, “ओ, डावा अंगठा!” तो अंगठा वर करून दाखवी, हसे आणि गिऱ्हाइकाकडे वळे. उलट डोमाजींना कोणी, तुम्ही कसे आहात, असं विचारलेलं मला आठवत नाही. मीही कधी विचारलं नाही. दुखणं असेपर्यंत माणूस त्यांच्या ओट्यावर रोज येऊन बसायचा आणि बरा झाला की त्याचा पाय तिकडे वळत नसे. त्यांच्या घरी एक ताट आणि एक तांब्या होता. त्यांना बायको होती की नव्हती याविषयी आळीत तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत. भाऊ काटोलकडे होता, एवढं पक्कं.

दिवस मावळायच्या वेळी ते ओट्यावर बसून वही वाचत. मोठ्यानं वाचत. साहेबासमोर कामाचा तपशील सांगावा तसा सूर असे, पण समोर कोणी नसे. “किसन. उजवी पोटरी, बैलाचं शिंग. सातवा दिवस. कडेनं कातडं येऊन राहिलं. वाफा दोन.” मग थांबून पुढचं पान. आमच्या स्वयंपाकघरात हे सगळं ऐकू यायचं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “घ्या, लागलं किसनचं पुराण.”

वहीत काय होतं ते सांगायला हवं: कोणाला कोणत्या वाफ्यातलं पान दिलं आणि जखम कशी भरत गेली याच्या नोंदी. कोरफडीनं भाजलेलं बरं होतं, खोकल्याला तिचा रस चालतो, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की तिचं औषध देतात, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. डोमाजींना ते पुरत नव्हतं. कोणी सांगितलं की तुमच्या कोरफडीनं माझा हात बरा झाला, तर ते खूश होत नसत. म्हणत, “झाला असन. पन नसती लावली तरी झाला असता का, थे पायलं कोनी?”

मी मॅट्रिकला होते त्या उन्हाळ्यात त्यांनी चिमटा तापवून स्वतःच्या डाव्या हाताला दोन डाग दिले. एकावर कोरफडीचा गर बांधला, दुसऱ्यावर दवाखान्यातलं मलम. आई विहिरीवर होती, तिनं दोन पट्ट्या पाहिल्या.

“हे काय झालं, डोमाजीभाऊ?”

“झालं नाई. केलं.”

“काहून?”

“एकाच मानसाचं कातडं पायजे होतं, वहिनीबाई. मंग मानूस कुठून आनू?”

आईनं घरी येऊन वडिलांना सांगितलं की, शेजारच्या माणसाला वेड लागलं, आता लेकरं तिकडं जाऊ देऊ नका. मी गेले. कोरफडीचा डाग मलमाच्या डागाच्या दोन दिवस आधी कोरडा झाला होता. मला वाटलं, ते उड्या मारतील. त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढून मला म्हणाले, “एकच हात आहे हा. अजून हात पायजेत.”

जास्त हात मिळावेत म्हणून त्यांनी जे केलं ते आमच्या भागात अजून सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याची माणसं, दुसऱ्या काठावर सावरगावची, मधे पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, आणि ते मिळवायला दोन्हीकडून दगड. त्या दिवशी आसपासच्या सगळ्या ड्रेसरांना तिकडे बोलावत. डोमाजी दरवर्षी जात. एका वर्षी त्यांच्या मनात आलं, इतक्या एकसारख्या जखमा एका दिवसात दुसरीकडे कुठे मिळणार? त्यांनी दोन टोपल्या कोरफड नेली आणि ठरवलं: सावरगावच्या माणसाला कोरफड, पांढुर्ण्याच्या माणसाला मलम. आठ दिवसांनी दोन्हीकडे फिरून कोणाची जखम आधी भरली ते पाहायचं.

दुपारपर्यंत ठीक चाललं. मग दोन्ही काठांवर कळलं की, ड्रेसर त्यांच्यासाठी वेगळं आणि आपल्यासाठी वेगळं औषध लावून राहिला. माझे वडील त्या वर्षी डोकं फुटून तिथेच बसले होते, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

“त्यायले घरची ताजी वनस्पती आन् आम्हाले डब्यातलं?” पांढुर्ण्याचा एक पैलवान रक्त पुसत म्हणाला. “सावरगावचा जावई आहे का बे तू?”

सावरगावचे म्हणाले, “त्यायले सरकारी दवाई आन् आम्हाले पाला?”

डोमाजी दोघांनाही समजावत होते की, कोणतं चांगलं हेच मला माहीत नाही, ते कळावं म्हणून तर हे करून राहिलो. याच्यावर लोक जास्तच भडकले. माहीत नाही तर लावतो कशाला! शेवटी पैलवानानं टोपलीतून पान उचललं, दातानं सोललं आणि स्वतःच्या डोक्याला चोळलं. सावरगावच्यांनी मलमाचा डबा पळवला. वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे: ‘दोन्ही काठ मिसळले. वर्ष वाया.’

वडील ही गोष्ट सांगून फार हसत. डोमाजी समोर असले तर तेही हसत, पण त्यांचं हसणं लवकर थांबे.

मी नागपूरला सायन्सला गेले तेव्हा ते मला ‘कुसुमबाई’ म्हणू लागले. त्याआधी मी ‘कुसमे’ होते. सुट्टीत अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं घरी आले की, हातपाय धुवायच्या आत त्यांची हाक येई. एका उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरसाहेबांकडून औषधांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागून आणलं होतं. “कोरफड असन यात. वाचा बरं.” मी अडखळत वाचलं. पुस्तकात गराचा उल्लेखच नव्हता. पान कापल्यावर सालीखालून जो पिवळा, कडू चीक गळतो, तो वाळवून केलेलं औषध होतं. जुलाबासाठी. आणि शेवटी लिहिलं होतं की, गरोदर बाईला हे देऊ नये.

डोमाजींनी पुस्तक मिटून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, “मतलब आपन फेकतो थे यायचं औषध, आन् हे फेकतात थे आपलं.”

तो चीक ते खरंच फेकत. पान कापलं की ते नारळाच्या करवंटीत उभं करून ठेवत. विहिरीवरून दोन घागरी पाणी आणेपर्यंत उभं ठेवायचं, तोवर पिवळं सगळं खाली उतरतं, मग सोलायचं आणि धुवायचं. ज्याला पान देत त्याला हे सांगत, आणि त्याच्याकडून परत वदवून घेत. गरोदर बाईचं त्यांनी त्या दिवसापासून मनावर घेतलं. बाई औषधाला आली की विचारायचंच. पण आमच्याकडे सुनेला परका पुरुष असं कसं विचारेल? सून सासूच्या मागे दोन हात उभी असते, पदर पुढे ओढलेला. विचारायचं ते सासूला. डोमाजीही सासूलाच विचारत.

त्या उन्हाळ्यातच बाजारच्या दिवशी लोधीखेड्याची एक म्हातारी त्यांच्याकडे आली. मी आमच्या ओट्यावर गहू निवडत होते. म्हातारीच्या मागे तिची सून होती, सारखी खोकत होती.

“रातभर खोकून राहिली, बापा. कोनाले झोप नाई.”

“सुनेले दिवसबिवस?”

“नाई, नाई. तसं काई नाई.”

सून खाली बघत होती. डोमाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. तीन पानं दिली. पान उभं ठेवा, दोन घागरी पाणी होऊ द्या, मग दोन बोटं तुकडा विस्तवावर भाजा, रस पिळून मधातून द्या, तीन दिवस. म्हातारीनं सगळं म्हणून दाखवलं. मी ऐकलं आहे. तिचं काही चुकलं नव्हतं.

दोन-तीन बाजार गेले आणि म्हातारी पुन्हा आली. या वेळी एकटी, डोक्यावर संत्र्यांची टोपली. टोपली उतरवून म्हणाली, “तुमच्यासाठी आनले. खोकला पार गेला. देव हाय तुमी.”

“तीन दिवसात गेला?”

“तीनात नाई. कमी झाला. मंग पानं सरले. म्हटलं, सौसरले कोन जाते, घरी दारावर हायेच. आठ दिवस दिलं, तं गेला.”

“दारावरची? टांगलेली?”

“हो.”

“उभी ठेवली होती? दोन घागरी?”

“थे तं वाळून बोटाएवढं झालं होतं. त्याचं काय उभं ठेवता? तसंच भाजलं.” मग म्हातारी पदर सावरत, सहज बोलल्यासारखं बोलली, “पोरीचं मातर वाईट झालं. दोन महिन्याचे दिवस होते, पडलं. आम्हाले तरी कुठं ठावं होतं? तीन महिने होईपर्यंत सांगतच नाई ना आपल्याकडे. तिनं नवऱ्यालेबी नोयतं सांगतलं.”

ती हे औषधाशी जोडून बोललीच नाही. तिच्या मनात त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक चांगली झाली, एक वाईट झाली. डोमाजी उभे होते ते खाली बसले. म्हातारीला वाटलं, संत्री पाहायला बसले. तिनं टोपलीवरचं फडकं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते लोधीखेड्याला गेले. त्यांनी त्या घरात स्पष्ट सांगितलं की, माझ्या सांगण्यानं हे झालं असेल. घरचे म्हणाले, असं काय बोलता, नशिबात नव्हतं. त्यांना जेवायला वाढलं. सून आतल्या खोलीत होती, तिला भेटता आलं नाही. परत येऊन त्यांनी वहीत एक पूर्ण पान लिहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी वही मोठ्यानं वाचली नाही. त्यानंतर कधीच वाचली नाही. आईनंच एकदा विचारलं, “काहून गं, किसनचं पुराण बंद झालं?”

सुट्टी संपून मी निघाले तेव्हा ते स्टेशनवर आले. वही कापडात बांधलेली होती.

“तुमच्या कालेजात कोरफडीतलं समजनारे कोनी मास्तर असतीन?”

“असतील.”

“त्यायले एकच विचारा. थे पान शेवटचं आहे. त्या पोरीचं माझ्यानं झालं का नाई. हो म्हना, नाई म्हना, जे असन थे लिहून आना.”

मी हो म्हटलं. मला आमच्या रसायनशास्त्राच्या सरांशी बोलायची फार भीती वाटायची, वर्गात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. वही माझ्या ट्रंकेत पडून राहिली. हे लिहायला लाज वाटते, पण पावसाळा गेला तरी ती तिथेच होती.

त्याच काळात राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, पण त्याची राजधानी नागपूरची भोपाळ झाली. सौसरच्या दवाखान्यातल्या मराठी डॉक्टरसाहेबांनी मुंबई राज्यात जायचं लिहून दिलं. डोमाजींनाही विचारणा झाली. काटोलही तिकडेच गेलं होतं; तिथला भाऊ दोनदा येऊन गेला. घर आहे, वहिनी आहे, पोरं आहेत, तू इथे एकटा कोणासाठी राहतोस, म्हणाला. डोमाजींनी इथेच राहतो असं लिहून दिलं. माझ्या वडिलांनी कारण विचारलं तर म्हणाले, “लोधीखेडा इकडंच राहिलं ना, महादेवराव.” वडिलांना ते कळलं नाही. त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला कळलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी वही घेऊन सरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

सरांनी वही ठेवून घेतली. तीन आठवड्यांनी मला बोलावलं. हा मनुष्य किती शिकला आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. चौथी, मी म्हटलं. ते काही वेळ पानं उलटत राहिले. म्हणाले, सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवायचं तर आता तुमच्या राज्याकडून यायला हवं, तुमचं गाव आता आमच्याकडे नाही. पण जमिनीतली आणि दारावरची, दोन्ही पानं आणलीस तर मी स्वतः पाहीन. मी नाताळानंतर दोन्ही आणली. दारावरची आमच्याच घरची होती. सरांनी चीक काढला, आटवला, वजन केलं.

निकाल त्यांनी एका कागदावर इंग्रजीत लिहून दिला. टांगलेल्या पानात पाणी आटल्यामुळे तेवढ्याच तुकड्यात चिकाचा अंश बराच जास्त निघाला. त्यानं गर्भपात झाला असं या एका घटनेवरून म्हणता येत नाही. झाला नाही असंही म्हणता येत नाही. अशा गोष्टी पहिल्या महिन्यांत औषधाशिवायही होतात.

“सर, त्यांना हो किंवा नाही असं हवं आहे,” मी धीर करून म्हटलं.

“मलाही हवं असतं,” सर म्हणाले. “पण माझ्याकडे नाही.”

गाडीत मी तो कागद पुनःपुन्हा वाचला. डोमाजींना इंग्रजी येत नव्हतं. मी फक्त शेवटचं वाक्य वाचून दाखवलं असतं तर त्यांना कळलं नसतं. सावनेर गेलं, लोधीखेडा आलं, आणि तोवर मी तसंच करायचं ठरवलं होतं. मग त्यांच्या ओट्याशी गेले, ते समोर कोपरं वर धरून उभे राहिले आणि मी सगळंच मराठीत वाचून दाखवलं.

त्यांनी दारावरच्या पानाचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “मतलब, नाई असंबी नाई.”

“हो असंही नाही, डोमाजीकाका.”

“हो, हो. थेबी आयकलं मी.” आणि ते आत गेले.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट बदलली. सासूला विचारणं सोडलं. सुनेलाच विचारू लागले, सगळ्यांसमोर, समोरासमोर. ती बोलली नाही तर पान देत नसत. आमच्यासारख्या गावात याचा काय परिणाम होईल ते सांगायला नको. पहिल्याच महिन्यात एका नवऱ्यानं त्यांची गचांडी धरली. बायका त्यांच्या ओट्यावरून जाताना तोंड फिरवू लागल्या. जामसावळीच्या मारुतीला शनिवारी यात्रेकरूंच्या पायाच्या जखमा बांधायला ते बसत, तिथेही बायका दुसऱ्या रांगेत जाऊ लागल्या. “म्हातारा चळला,” असं विहिरीवर बोलत. कोणाला कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी विहिरीवर गप्प बसत असे. लोकांनी पुन्हा आपापल्या दारावरची पानं तोडायला सुरुवात केली, म्हणजे ज्याची डोमाजींना भीती होती तेच वाढलं. त्यांच्या अंगणातल्या वाफ्यांतली पानं कोणी कापेना. ती जाड होऊन एकमेकांवर पडली, पत्र्याचे आकडे दिसेनासे झाले.

मागच्या दिवाळीत मी घरी होते. माझ्या वहिनीला खोकला झाला. आई म्हणाली, “बाकीचे नाई बोलावत, पन आपन शेजारी हावो. बोलाव डोमाजीभाऊले.” माझ्या मनात आलं की ते सुनेलाच का विचारतात हे आईला आधीच सांगून ठेवावं. मी सांगितलं नाही.

ते पान सोलून, धुऊन, वाटीत घेऊन आले. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. वहिनी आतल्या दाराच्या आड होती. आईनं वाटीसाठी हात पुढे केला. डोमाजींनी वाटी दिली नाही. ते त्या दाराकडे बघून म्हणाले, “सूनबाई, मी डोमाजी. एक विचारतो, राग मानू नोका. दिवस राहिले का?”

आईचा हात तसाच राहिला. “अवो! डोमाजीभाऊ! मले विचारा ना. मी मेली का?”

“तुमाले नाई विचारत, वहिनीबाई.”

“माझ्या घरची गोष्ट आन् मले नाई विचारत?”

“तुमाले माहीत नसन.”

“मले माहीत नसन! आयका! लोक सांगत होते तं मी म्हनत होती, नाई वं, सोन्यासारखा मानूस. जरा लाज धरा, केस पांढरे झाले तुमचे!”

ते हलले नाहीत. मान खाली घातली होती, पण पाऊल मागे घेतलं नाही. आई बोलत राहिली, मध्येच माझ्याकडे वळून मलाही बोलली. मग दाराआडून बांगड्या वाजल्या.

“हो,” वहिनी म्हणाली.

आई थांबली.

“दोन महिने. यायलेबी सांगतलं नाई अजून.”

डोमाजींनी वाटी पिशवीत ठेवली. “आल्याचा रस देजा, मधातून. कोरफड नाई. दारावरची तं बिलकुल नाई,” एवढं दाराकडे बघून सांगितलं आणि ते पायऱ्या उतरले.

घरात नंतर जे झालं त्यात ते सगळ्यांच्या ध्यानातून गेले. आईनं वहिनीला जवळ घेतलं, मग रागावली, मग देवाजवळ दिवा लावला. दादाला जिनिंगमधून बोलवायला शेजारचा पोरगा धावला. थोड्या वेळानं आईलाच आठवलं. तिनं माझ्या हातावर मूठभर साखर ठेवली. “जाय, त्यायले देऊन ये. कळलंच आहे तं तोंड गोड कर म्हना. आन् सांगजो, तीन महिने होईपर्यंत कोनाजवळ बोलू नोका.”

ते घरी गेले नव्हते. आळीच्या टोकाला, जिथून दवाखान्याचा रस्ता फुटतो, तिथे उभे होते. मी साखर दिली आणि आईचा निरोप सांगितला. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून साखर घेतली.

“कोनाजवळ बोलू, कुसुमबाई?” त्यांनी विचारलं.

चिडून विचारलं नव्हतं. उत्तर हवं असल्यासारखे ते माझ्याकडे बघत थांबले. मी उगाच म्हटलं, थंडी पडायला लागली. ते हो म्हणाले. मी घराकडे निघाले आणि आमच्या दाराशी येऊन मागे पाहिलं. ते अजून तिथेच होते, ओंजळ तोंडाशी धरून, सावकाश साखर खात.